चाळणी

सत्तेचाळिसाव्या खेपेला भांड्याच्या तळाशी
पिवळसर भुकटी बसली,
हरभऱ्याच्या पिठासारखी.
नखावर घेतली तर वजन लागत नाही,
पण गणित म्हणतं, चमचाभर भुकटीच्या आतल्या भिंती उलगडल्या
तर आमखास मैदानाचा एक मोठा कोपरा झाकला जाईल.
मी ते गणित तीनदा केलं.

खलीलमियाँ ज्योतीवर काचेची नळी फिरवत होते.
आमच्या विभागातल्या प्रत्येक उपकरणाला त्यांचा एक तरी सांधा आहे,
आणि त्यांचं नाव एकाही शोधनिबंधात नाही.
भुकटीकडे न बघताच म्हणाले,
"सगळी भोकंच भोकं, तो माल कां है?"
माल भोकांतच आहे, खलीलमियाँ.
धातूची एक गाठ, गाठीला गाठ जोडणारी कार्बनची काडी,
आणि मधे जी मोकळी जागा उरते
तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.
ते थोडं थांबले. मग म्हणाले,
बेगमपुऱ्यात दादांच्या अंगणाखालून नहर जायची,
खापराच्या नळ्यांची.
पाणी कधी दिसायचं नाही,
फरशीला कान लावला की बोलायचं.

दर मंगळवारी मी घाटीत जाते, दोन कॅन घेऊन.
डायलिसिसमधून बाहेर पडलेलं पाणी प्रणिता मला भरून देते.
एका माणसाचं रक्त एकदा धुवायचं
तर सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागतं,
आणि एप्रिलात घाटीच्या मागच्या दाराला टँकर लागतो.
खाट क्रमांक सहावर दामूअण्णा तुपे,
फुलंब्रीचे, ट्रॅक्टरचे मेकॅनिक.
पहिल्याच दिवशी विचारलं होतं त्यांनी,
"माझं धुतेलं पाणी जातं कुठं?"
गटारात, म्हटलं.
"कामून?" म्हणाले. "आमच्या गल्लीत नळ आठ दिवसाआड येतो."
मग बराच वेळ ते त्या पारदर्शक नळीकडे बघत राहिले,
उधारी मोजावी तसे.

म्हणून ही चाळणी.
युरिया तिनं धरून ठेवायचा आणि पाणी सोडून द्यायचं,
तेच पाणी पुन्हा त्याच रक्ताच्या कामी.
मागायला एवढंच आहे.

रात्री इतरांचं वाचते.
कुठं कुणी एका लेकराच्या रक्तातलं
चुकलेलं एक अक्षर खोडून नीट लिहिलंय.
प्रथिनाची घडी ओळखायला
एखाद्याची अख्खी नोकरी जायची,
ती आता दुपारच्या चहाआधी यंत्र सांगतं.
कुठं म्हणे धातूच्या पट्टीला तडा गेला
आणि तिचा तिनंच सांधला.
आमच्या सेंट्रिफ्यूजच्या झाकणाला रबरबँड आहे.
आमचा नमुना हैदराबादला गेला
रात्रीच्या बसनं, थर्मासमध्ये,
माझ्या मावसभावाच्या मांडीवर.
त्याला वाटत होतं, आत चहा आहे.

निकाल आला. चाळणी पाण्यात उभी राहिली.
एक तास, तीन, सात, नऊ.
दहाव्या तासाला खचली.
साखरेसारखी विरघळली असती तर राग आला नसता.
पावसात कच्ची भिंत आधी फुगते, मग बसते,
तशी बसली.
वहीत लिहिलं: अयशस्वी.
खाली तारीख घातली, दोनदा अधोरेखित केली.

मंगळवारी दामूअण्णांनी विचारलं, "जमलं का?"
नाही जमलं. नऊ तासांत मोडते.
त्यांनी हाताला टोचलेल्या सुया सांभाळत मान वळवली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
"मी इथं किती वेळ बसतो, ताई?"
चार तास.
"मग?"
मी म्हटलं, थोडा धातू सुटतो पाण्यात,
तो अजून मोजायचाय, तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही.
"सोपं कोण म्हणतंय? मोजा की.
पण फिल्टर काय जन्मभराचा असतो का?
सर्व्हिसिंगला आलं ट्रॅक्टर की पहिला फिल्टर काढून फेकतो मी."

कॅन भरले. एक जरा गळत होता.
विद्यापीठाच्या गेटपर्यंत
रिक्षाच्या फरशीवर ओली रेघ येत राहिली.
खलीलमियाँना म्हटलं, छोटी नळी हवी,
दोन्हीकडून उघडी, चार तास टिकली तरी चालेल.
"चार घंटे?" ते हसले,
"काच है बेटा, वो ज़्यादा टिकेगी,"
आणि त्यांनी गॅस सुरू केला.
वहीतला तो शब्द मी अजून खोडलेला नाही.
त्याच्यासमोर फक्त, पेन्सिलीनं,
एक प्रश्नचिन्ह.