पंखाचं टोक

बेचाळीस अंश. मारिएंटालजवळच्या धावपट्टीचं
डांबर बुटांना चिकटत होतं.
ओटिलीच्या ग्लायडरच्या पंखाचं टोक
हातात धरून मी पळालो, दहा-बारा पावलं,
मग ते माझं राहिलं नाही.

गिधाडं घिरट्या घालत होती
तिथेच ती शिरली, त्यांच्यातलीच एक होऊन.
नंतर नुसता ठिपका. नंतर तोही नाही.
रेडिओवर एकदाच:
"गावासेब, पाच हजार मीटर. पाय बधिर झालेत."
मी हसलो. डोळ्यांत घामाचं मीठ झोंबत होतं.

सात तासांनी उतरली.
ओठ निळे, नाकाखाली ऑक्सिजनच्या नळीचा वळ.
बोलली काहीच नाही,
पाण्याची बाटली तेवढी माझ्या हातात दिली.

हलवली.
आत खडखडलं.