ज्येष्ठांची वेळ

सीबच्या बागेत पहाटे साडेचारला
मी पाणी बंद करतो. शुद्ध केलेलं सांडपाणी;
हिरवळीला त्याचं काही नाही.

पाच ते सात ज्येष्ठांची वेळ.
खलफान काठी बाकाला टेकवून
कॅरमवरची धूळ फुंकतो.
दोंद्यांच्या सासूबाई, नव्वद दिवसांच्या व्हिसावरच्या,
चपला काढून गवतात उतरतात.
"पायांना ओलं लागलं," म्हणतात,
जणू कुणी ओळखीचं भेटलं.

दोघांची भाषा म्हणजे त्याचं मोडकं हिंदी
आणि राणीवरून भांडण.
परवा बाईंनी सोंगटी बोटाने हळूच सरकवली.
त्याने पाहिलं,
आणि उगाच मान वळवून खोकला.

वहीत नाव, वय, सही, शेरा.
आज बाईंच्या शेऱ्यात लिहिलं: मुदत संपली.
"माजी नहीं आया?" खलफानने विचारलं.
मी सोंगट्या मोजत बसलो.
राणी सापडेना.

पत्र आलंय: पुढच्या वर्षी
गाफच्या सावलीत सहा बाक, पाठीला टेकू असलेले.
जागा मीच चुन्याने आखल्या.
तोवर मला साठ लागतील,
आणि साठीनंतर कंपनी ठेवत नाही.

उंची तेवढी
माझ्या गुडघ्यांच्या मापाने
लिहून दिलीय.