पाव आटा ढिला

धंतोलीतल्या दवाखान्यांसाठी मी दात करते,
एकवीस वर्षं झाली. कवळ्या, कॅप, पूल.
माझ्या हातची वस्तू तोंडात जरा हलली
की परत येते, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

रात्री साडेनवानंतर त्याच टेबलावर
प्लास्टरचे जबडे बाजूला सारून
ग्लायडर ठेवते. दीड मीटर पंख, फोमचं अंग,
नाकाशी मोटर, सुपारीपेक्षा थोडी मोठी.
तिला घडीची पाती बसवायची आहेत.

शाफ्ट तीन पूर्णांक सतरा. सोबतचं कोलेट चारचं.
म्हणून गांधीबागेमागे, यादोराव हेडाऊंच्या लेथवर गेले.
त्यांनी पितळेची बारीक बाही कातली,
फुंकर मारून माझ्या तळहातावर ठेवली.
पैसे विचारले तर म्हणाले,
"मोटर बंद करून उडते म्हणता ना?
मंग बोलवा. पाहू तं एकदा."

स्पिनर बसला, पण हाताने फिरवला की
प्रत्येक फेऱ्यात एकदा
खस्स.
कुठे? डोळ्याला दिसेना.
मग ड्रॉवरमधला निळा कागद काढला,
पेशंटला चावायला देतात तो,
उंच टोक कुठे टोचतं ते सांगणारा.
नाक आणि स्पिनर यांच्यामध्ये धरला, एक फेरा दिला.
डावीकडे खाली, तिळाएवढा निळा डाग.
घासला. पुन्हा कागद. पुन्हा डाग, फिकट.
तिसऱ्यांदा कागद कोराच निघाला
आणि फट राहिली एक्स-रे फिल्मएवढी,
सगळीकडून सारखी.

पाती जोडली. दोन स्क्रू. चांगले आवळले.
ब्रेक चालू केला, बीप मोजत, श्वास धरून.
बॅटरी लावताना पात्यांच्या रेषेत
तोंड आणू नये म्हणतात. मी मागे सरकले,
मी, जिचं पोट लोकांच्या तोंडांवर चालतं.

रविवारी हिंगण्यापुढे, तूर निघालेल्या रानात,
साडेनऊलाच ऊन नाकात शिरत होतं.
हेडाऊ दुपट्टा बांधून उभे.
मी फेकलं. वीस सेकंद मोटर. मग बंद.
एक पातं अंगाला चिकटलं.
दुसरं तसंच बाहेर,
बसमध्ये शेजाऱ्याचं कोपर असतं तसं.
ग्लायडर थरथरत, डावीकडे कलत
दीड मिनिटात खुंटांमध्ये येऊन बसलं.

हेडाऊंनी उचललं, पातं बोटाने ढकललं.
"बाई, हे इतकं आवळलं काऊन?"
"हलू नये म्हणून."
"अन् हलाव नाही तं घडी कशी होईन बाप्पा?"

मी काही बोलले नाही.
एकवीस वर्षांत मला कोणी
हलू दे म्हटलं नव्हतं.

स्क्रू पाव आटा ढिला केला. गोंदाचा एक थेंब,
निसटू नये इतपतच. नाक वर धरलं
तर दोन्ही पाती आपापल्या वजनाने
खाली लोंबली, झोपलेल्या पोराच्या हातांसारखी.

दुसऱ्यांदा वीस सेकंद.
मोटर थांबली, पाती मिटली,
आणि आवाज गेला. सगळाच गेला.
दूरच्या हायवेवरचा एक ट्रक तेवढा उरला.
तापलेल्या काळ्या मातीवरून हवा वर चढत होती,
तीन घारी आधीच तिच्यात होत्या.
ग्लायडरने एक पंख हलकेच उचलला,
मी त्याच बाजूला वळवलं.
हेडाऊ कपाळावर हात धरून मोजत होते,
"एक, दोन, तीन, अन् आपली चवथी."
मग थोड्या वेळाने,
"आपली कोणची व्हय?"

चौदा मिनिटांनी उतरवलं. मान अवघडली होती.
पोटावर, पाती मिटून टेकतात तिथे
दोन्ही बाजूंना फोम चकचकीत घासला गेला होता,
उजवीकडे थोडा जास्त.
तिथे टेप लावायची. मंगळवारी,
आधी देशकर डॉक्टरांची खालची कवळी संपली की.