कुंडीचे दोन कान

ऑक्टोबरात समोरच्या डोंगरावरची पांढरी रेघ
झाडीपर्यंत खाली उतरली
की फ्राउ हास्लवांटर माझं दार वाजवायच्या.
दोनदा. मग थांबून एकदा.
मी सपाता काढून बूट चढवायचो.

कुंडीला दोन कान.
डावा त्यांचा, उजवा माझा.
अंगणापासून अठ्ठावीस पायऱ्या,
दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच्या खिडकीपर्यंत,
जिथे उजेड आहे आणि ऊब नाही.
"तिला हेच लागतं," त्या धापा टाकत म्हणायच्या,
"थंडीत लाड केले की
उन्हाळ्यात रुसते."

ती म्हणजे कण्हेर.
गुलाबी, दुहेरी पाकळ्यांची,
माझ्याहून हातभर उंच,
आणि मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी.
हे त्या प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगायच्या,
लेकीचे मार्क सांगावेत तशा.

एक्क्याऐंशी साली गार्डा तळ्याच्या काठी
हॉटेलच्या कुंपणातून त्यांच्या नवऱ्याने, व्हिगिलने,
खिशातल्या चाकूने एक फांदी उडवली.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतली.
ब्रेनरच्या नाक्यावर शिपायाने विचारलं, काय आहे?
व्हिगिल म्हणाला, मासा.
बिअरच्या तपकिरी बाटलीत
तीन आठवड्यांनी माशाला मुळं फुटली.

आम्ही बोलायचो वर्षातून दोनदाच:
एकदा वर चढताना,
एकदा एप्रिलअखेर खाली उतरताना.
एरवी जिन्यात नुसता नमस्कार.
तेरा वर्षांचा हिशेब केला
तर सगळं मिळून तास-दोन तास.
तेवढ्यात मला कळलं, की
हिवाळ्यात पंधरवड्याला एक पेला पाणी, जास्त नाही;
पानामागे खवले दिसले तर
जुना दातांचा ब्रश आणि साबणाचं पाणी;
जुलैत मात्र भरल्या परातीत
तिला खुशाल पाय सोडून बसू द्यायचं.
आणि बोत्सेनच्या बहिणीशी
एका कपाटावरून त्यांचं बोलणं तुटलंय.

एकदा मी कात्री घेऊन
सुकलेल्या फुलांचे दांडे छाटायला गेलो
तर त्यांनी मनगट धरलं.
केवढी ती पकड, बोटं तर काडीसारखी!
"तो गेलेला दिसतो.
पण पुढच्या वर्षीची पहिली कळी
तिथूनच येते."

यंदा पांढरी रेघ उतरली.
मी बूट घालून दाराशी बसून राहिलो,
जणू मला ठाऊक नव्हतं
की ऑगस्टातच भाचा त्यांना
हालच्या वृद्धाश्रमात सोडून आला.
कपाटं गेली, गालिचे गेले, घड्याळ गेलं.
कण्हेर यादीत नव्हती. अंगणात राहिली.

रात्री खाली उतरून मी उजवा कान ओढला.
कुंडी जागच्या जागी गोल फिरली,
जात्यासारखी.
वरच्या मजल्यावरचा एनेस
पिझ्झे पोचवून परत आला होता,
डोक्यावर हेल्मेट तसंच.
"कुठे न्यायचीय?" म्हणाला, आणि
काही न सांगता डाव्या बाजूला गेला.
पोरगा दोन-दोन पायऱ्या चढतो.
मी म्हटलं, हळू, अरे हळू,
माझे गुडघे व्हिगिलच्या वयाचे आहेत.
कोण व्हिगिल, हे त्याने विचारलं नाही.
खिडकीशी कुंडी टेकल्यावर
त्याने एक पान बोटांत धरलं.
"विषारी आहे," मी म्हणालो,
आणि माझ्या आवाजातला तोरा
मलाच ऐकू आला.

रविवारी आश्रमात फोन लावला.
झाड वर आलं, म्हटलं.
हो का, म्हणाल्या. खवले? नाहीत. पाणी? एक पेला.
मग बराच वेळ नुसता श्वास.
"डावा कान कुणी धरला?"
वरचा एनेस, मी सांगितलं.
"त्याला सांगा, तो तडकलेला आहे.
पहिल्यापासून.
तिकडून उचलताना
एक हात बुडाखाली घालावा लागतो."