शाई फुटते

वीस मिनिटांत अर्धं होणारं औषध
शिशाच्या डबीतून धावत आलं, परळच्या या तळघरात.
मोरेश्वर पाठारे, वय एकाहत्तर,
डोकं पट्ट्याने बांधून तासभर निजले.
"छताला ओल आलीय," एवढंच म्हणाले.

आता रात्री पडद्यावर त्यांचा मेंदू.
कॉडेट, करंगळीएवढंच जाड,
आणि आमच्या यंत्राची नजर पाच मिलिमीटर बोथट.
कडेचा उजेड शेजारच्या पोकळीत सांडलेला,
पोकळीचा अंधार आत झिरपलेला.
आकडा येतो एक पूर्णांक नऊ.
रिसेप्टर कमी, असं लिहून मोकळं व्हावं?

सकाळी सांगत होते,
गिरगावात चाळीस वर्षं खिळे जुळवले.
"कागद दमट असला की शाई फुटते, बाई.
मालक ओरडायचा, खिळे झिजले म्हणून.
खिळे कसले झिजतात! आधी कागद बघा."
हात तेव्हाही थरथरत होता,
पण चिमटीत काहीतरी धरल्यासारखा.

म्हणून एमआरआयच्या रेषा खाली अंथरते,
कुणाची हद्द कुठवर ते ठरवते,
सांडलेलं उचलून ज्याचं त्याला देते.
फार ओढलं की खरखर उठते,
नसलेलंही दिसू लागतं.
थोडी मागे येते.

दोन पूर्णांक चार.

या वयाला तीनच्या आसपास हवं होतं.
पुन्हा चालवते. चहा निवतो. दोन पूर्णांक चार.

फुटलेली शाई सगळी टिपून घेतली, काका.
कागदाचा दोष कागदाच्या नावावर टाकला.
तरी काही घरांत
खिळाच नाही.