साडेसात ते आठ

हेस्कॉमचा कागद आला, कन्नडात.
सेक्शन ऑफिसरानं वाचला, मी मराठीत ऐकला:
आज साडेसात ते आठ गाव काळं करायचं.
वरून विमान गेलं तर त्याला कळू नये
इथं चूल आहे, इथं पाळणा.

मी भरमा कणबरकर, लाईनमन.
बावीस वर्षं वीज गेली की शिव्या मला,
आली की देवाला नमस्कार.
मुद्दाम घालवायची, तीही देशासाठी,
हे हातांना नवीन होतं.

दुपारी घरोघर वेळ वाटत फिरलो.
गंगव्वा म्हणाली, पिल्लं बल्बखाली हायत,
तेवढा एक ठेव की गा.
नाही ठेवता येत, म्हणालो.
तिनं पिल्लं टोपलीत घातली, वर गोधडी टाकली,
आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

शांताक्का पाटणेकर नुसती मान हलवून आत गेली.
तिचा नागेश लाईनवर आहे.
आमच्या खात्यात लाईन म्हणजे तार,
तिच्या घरात लाईन म्हणजे तो डोंगर
जिथून सहा दिवस फोन नाही.
धाकटा विलास उंबऱ्यावर मोबाईल पुसत बसलेला.

साडेसातला दांडा ओढला.
आधी टीव्हीवरलं युद्ध थांबलं,
मग कुत्री.
खांबावरून बघितलं तर
ओढ्यापलीकडं, चारशे पावलांवर,
महाराष्ट्राचे दिवे लख्ख.
तिकडं कागदच आला नव्हता.
ज्या रेघेसाठी माझ्या बापानं लाठ्या खाल्ल्या
ती वरच्या वैमानिकाला आज नीट दिसली असती:
अलीकडं काजळ, पलीकडं लग्नघर.
मला हसू आलं.
खांबावर एकट्यानं हसणं बरं नव्हे.

तेवढ्यात खाली पावलं वाजली, तिघाचौघांची.
डब्याच्या काठावर ब्रश निथळल्यासारखं काहीतरी.
कोण ते? मी हाक दिली.
"गडी," कुणीतरी म्हणालं.
मराठीत गडी म्हणजे आपला माणूस.
कन्नडात गडी म्हणजे सीमा.
उत्तर कुठल्या भाषेत आलं
ते अजून ठरलेलं नाही.

आठला उजेड आला
आणि पहिला दिसला तो पंचायतीचा फलक.
गावाचं नाव काळ्या रंगाखाली, ओलं.
अंधारात कुठली लिपी कुठं ते कळलं नसावं,
दोन्ही पुसल्या होत्या.

सकाळी जीप आली, विलासला घेऊन गेली.
मला विचारलं, अंधार कुणाच्या हुकमानं केलास?
मी कागद पुढं केला.
साहेबानं तो उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

नवव्या दिवशी मी शांताक्काचं मीटर बघत होतो
तेव्हा नागेशचा फोन आला.
हात पिठाचे होते म्हणून तिनं स्पीकर लावला.
"गावात सगळं शांत का गं आई?"
तिनं माझ्याकडं बघितलं.
"शांत हाय. वाकडं तुमच्याकडंच चाललंय म्हणत्यात."
"विलास कुठाय?"
"बेळगावला गेलाय. येतंय की."
मग तो म्हणाला, इकडं रात्री बिडीसुद्धा
ओंजळीत लपवून ओढतो आम्ही.
"ओढू नको," ती म्हणाली.

मी आकडा लिहून घेतला.
नेहमीपेक्षा जास्त होता.
विलासला नेल्यापासून पडवीतला दिवा
दिवसाही चालू आहे.
बंद कर, असं तिला सांगायचं माझ्या कामात बसतं,
खरं मी बिल दारात अडकवलं
आणि पुढच्या घराकडं गेलो.