साडेपाचला टोकियो

टोकियो जेवायला उठतं, हे मला फार आवडतं.
भर धंद्यात भाव झाकून ठेवायचा,
डबा उघडायचा, पाणी प्यायचं, मग पुन्हा बसायचं.
आपली मुंबई एका हाताने पोळी मोडते,
दुसऱ्याने विकते.

लंडनला म्हणे आता कोणी ओरडत नाही,
थंड खोल्यांत यंत्रं आपसात पुटपुटतात.
न्यूयॉर्क मात्र अजून घंटा बडवतं
आणि वर टाळ्या वाजवतं,
घाट्याच्या दिवशीसुद्धा.

शलाकाने, माझ्या भाचीने,
सगळ्यांचा तक्ता केलाय : कोण किती अब्जांचं,
किती कंपन्या, किती वाजता.
मामा, सगळ्यांत मोठं हे, असं म्हणून बोट ठेवते.
मी आमचं शोधतो. अर्थातच नाही.
आमच्या हॉलमध्ये आता कोचिंग क्लास भरतो.

एकवीस वर्षं मी तिथे घसा फोडला.
तळवा आत : घेतलं. तळवा बाहेर : दिलं.
अजूनही मंडईत गिलक्यांचा भाव ऐकून
तळवा आपोआप बाहेर जातो,
आणि भाजीवाली म्हणते,
नको तर नको म्हणा ना बाबूजी,
आशीर्वाद कसला देताय?

थंडीत रात्री आठला न्यूयॉर्क उघडतं.
तेव्हाच आमच्या सराफ्यात शटरं पडतात,
आणि ज्या पायरीवर दिवसभर तोळा-मासा चालला
तिच्यावर भुट्ट्याच्या किसाची कढई चढते.
एका ओट्याचे दोन धनी,
कागद नाही, कज्जा नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू, शलाका?
ती म्हणते, मामा, झोपा आता.

झोप कुठली.
साडेपाचला टोकियो उघडतं.
खाली गल्लीत धुकं,
गटाराच्या तोंडाशी रमजू झारेकरी उकिडवा,
रबडीचे कुल्हड बाजूला सारून
सोनारांची धूळ सुपलीत भरतोय.
काय मिळालं? मी गच्चीतून.
तो तळवा वर धरतो, ओला, काळा.
एवढ्या उंचीवरून मला कण दिसत नाही,
तरी मी मान डोलावतो.
आणि तुमचं जपान?
लाल, मी म्हणतो.
अरेरे, तो चुकचुकतो मनापासून,
आणि मला परत सांगावं लागतं
की तिकडे, रमजूभाई, लाल म्हणजे चढलं.